दूध आईचं, बाकी सगळं दोघांचं

“डॉक्टर, नोकरी सोडू का?”

बाळ साधारण पाच महिन्यांचं झालं की हा प्रश्न माझ्यासमोर येतो. बाळंतपणाची रजा संपत आलेली असते. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी हाच प्रश्न “प्रमोशन होईपर्यंत थांबलं तर चालेल का?” असा आलेला असतो. आणि चाळिशीत, मुलं मोठी झाल्यावर, “तेव्हा सोडली नसती तर बरं झालं असतं का हो?” असा येतो.

खरं तर यावर माझ्याकडे गोळी नाही. तरीही प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञाकडेच येतो, कारण घरीदारी एक वाक्य ऐकवलेलं असतं: ‘काही झालं तरी मूल आईचंच, निसर्गानेच तसं केलंय.’ निसर्ग म्हटलं की शरीर आलं, आणि शरीर म्हटलं की डॉक्टर आले. तेव्हा आज या वाक्याचीच तपासणी करू या. निसर्गाने आईच्या नावावर नेमकं किती काम लिहिलंय आणि आपण नंतर त्यात किती भर घातली आहे?

निसर्गाची यादी लहान आहे

ज्या कामांना बाईचंच शरीर लागतं अशी कामं तीन. गर्भारपण, बाळंतपण आणि स्तनपान.

गर्भारपण नऊ महिन्यांचं. बाळंतपण एक-दोन दिवसांचं, आणि त्यातून अंग सावरायला काही आठवडे. स्तनपानाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, त्यानंतर वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. सगळं मिळून एका मुलामागे तीन वर्षांच्या आत. त्यातही सहा महिन्यांनंतरचं स्तनपान नोकरी सांभाळून करता येतं. तेविसाव्या वर्षी नोकरीला लागून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या बाईचं कामाचं आयुष्य पस्तीस वर्षांचं असतं. दोन मुलं धरली, तरी निसर्गाची मागणी या पस्तीस वर्षांचा लहानसा भाग आहे.

आता दुसरी यादी बघा. लंगोट बदलणं, आंघोळ घालणं, भरवणं, लसीच्या तारखा लक्षात ठेवणं, रात्री ताप आला तर कपाळावर पट्ट्या ठेवणं, शाळेचा डबा, रिक्षावाले काका, पालकसभा, गॅदरिंगचा पोशाख, मग दहावी, मग बारावी. ही यादी अठरा वर्षं चालते. यातल्या एकाही कामाला गर्भाशय लागत नाही. दोन हात लागतात आणि लक्ष लागतं.

इथे कोणीतरी म्हणतं, “पण आईची माया ती आईची माया, ती हॉर्मोनमधून येते.” बरोबर आहे. प्रसूतीच्या वेळी आणि दूध पाजताना ऑक्सिटोसिन स्रवतं आणि त्याने बाळाविषयीची ओढ वाढते. पण गोष्ट इथे संपत नाही. फिलिपिन्समधल्या सेबू शहरात सहाशेहून अधिक पुरुषांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. बाप झाल्यावर पुरुषांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन कमी झालं, आणि जे बाप रोज तीन तास किंवा जास्त वेळ मुलाचं करत होते त्यांच्यात ते आणखी कमी आढळलं. घाबरू नका, हा आजार नाही. बाळ सांभाळणारं शरीर भांडखोरपणाकडून सांभाळण्याकडे वळतं, असा त्याचा अर्थ लावला जातो.

२०१४ साली इस्राएलमधल्या संशोधकांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली. ज्या घरात आई नाही, दोन पुरुषच बाळ वाढवतात, अशा बापांचे मेंदू एमआरआयमध्ये तपासले. स्वतःच्या बाळाचं चित्रण बघताना मेंदूतला जो भाग आयांमध्ये जागा होतो, तोच या बापांमध्येही जागा झाला. म्हणजे ओढ फक्त बाळंतपणातून येत नाही, बाळाचं करण्यातूनही येते. जो करतो त्याचा मेंदू शिकतो. आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. यशोदेने कृष्णाला जन्म दिला नव्हता, आणि तिच्या मायेबद्दल आजवर कोणी शंका घेतलेली नाही.

मग बापाला ‘बाळाचं काही कळत नाही’ ते का? कारण त्याला करू दिलं जात नाही, किंवा तो करत नाही. पहिल्या महिन्यात ‘तू राहू दे, तुझ्याकडे रडतं’ म्हणून बाळ काढून घेतलं की पुढची अठरा वर्षं ते त्याच्याकडे रडतच राहतं.

हिशेब काय सांगतो?

केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ साली देशभर एक पाहणी केली. लोक चोवीस तास कशात घालवतात, याची. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, म्हणजे पाच तास. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं घालवतात. ‘करणारे’ हा शब्द नीट वाचा. शंभर बायकांमधल्या ८१ घरकाम करत होत्या, आणि शंभर पुरुषांमधले फक्त २६. उरलेल्या ७४ पुरुषांची मिनिटं या ९७ मध्ये धरलेलीच नाहीत.

यात डोक्यातल्या कामाची मोजदादही नाही. डायपर संपत आलेत, बाईची उद्या सुट्टी आहे, गोवराची लस पुढच्या मंगळवारी, शाळेत पिवळा कागद हवाय. हे सगळं जिच्या डोक्यात चालू असतं ती ऑफिसच्या मीटिंगमध्येही पूर्ण रिकामी नसते. “माझा नवरा मला खूप मदत करतो” असं अनेकजणी कौतुकाने सांगतात. नवरा चांगलाच असतो, पण ‘मदत’ हा शब्दच सांगतो की काम मुळात कोणाचं मानलंय. स्वतःच्या मुलाचं करण्याला मदत म्हणत नाहीत.

घरच्या घरी एक तपासणी करून बघा. बाबांना तीन प्रश्न विचारा. बाळाचं शेवटचं वजन किती होतं? पुढची लस कधी? ताप आला तर कोणतं औषध, किती मिली? तिन्ही उत्तरं फोन न करता आली, तर तुमच्या घरात दोन पालक आहेत. नाहीतर एक पालक आणि एक मदतनीस आहे.

या हिशेबाचा बाईच्या पगाराशी थेट संबंध आहे. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं ते याच अभ्यासासाठी. त्यांनी अमेरिकेतली दोनशे वर्षांची आकडेवारी तपासली. पूर्वी स्त्री-पुरुषांच्या कमाईतला फरक बराचसा शिक्षणामुळे आणि वेगवेगळ्या व्यवसायांमुळे असे. आता एकच शिक्षण, एकच व्यवसाय असूनही फरक राहतो, आणि तो मोठ्या प्रमाणात पहिल्या मुलाच्या जन्मानंतर पडतो. कारण सर्वांत जास्त पैसा अशा नोकऱ्यांत आहे ज्या वेळीअवेळी बोलावतात. घरात मूल असेल तर दोघांना अशी हावरी नोकरी जमत नाही. एकाला दुपारी शाळेचा फोन घ्यावा लागतो. तो एक कोण, हे बहुतेक घरांत चर्चा न होताच ठरलेलं असतं.

आपल्याकडे याची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. रात्री अमेरिकेशी कॉल असलेली आयटीवाली, बंदोबस्ताला उभी असलेली पोलीस शिपाई, सुनावणी कधी संपेल ते ठाऊक नसलेली वकील. आमच्या क्षेत्रातही पदव्युत्तर शिक्षणाची, छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्युटीची वर्षं नेमकी पंचविशी ते तिशीची असतात.

सहावा महिना: सगळ्या गोष्टी एकदम

आता माझ्या हातातल्या विषयाकडे येते. नोकरी सोडण्याचा निर्णय बहुतेक वेळा रजा संपताना घेतला जातो, आणि शरीराच्या दृष्टीने तो फार वाईट मुहूर्त आहे. का ते सांगते.

१९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळू लागली. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. आठही आठवडे आधी घेतले तर प्रसूतीनंतर उरतात अठरा, म्हणजे जेमतेम चार महिने. मग ‘सहा महिने फक्त आईचं दूध’ कसं जमणार? गर्भारपण सुरळीत असेल, कामाचं स्वरूप हलकं असेल आणि तुमच्या डॉक्टरांची हरकत नसेल, तर रजा शक्य तितकी उशिरा सुरू करा. ते आठवडे बाळ झाल्यावर जास्त उपयोगी पडतात.

रजा संपताना पुढच्या गोष्टी एकाच वेळी येऊन धडकतात.

पहिली, दूध. कामावर गेल्यावर दूध आटतंच, हा गैरसमज आहे. स्तन जितके रिकामे होतात तितकं दूध तयार होतं. रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून हाताने किंवा पंपाने दूध काढण्याचा सराव करा. काढलेलं दूध २५ अंश तापमानापर्यंत चार तास बाहेर टिकतं. आपल्या उन्हाळ्यात खोलीचं तापमान याहून बरंच जास्त असतं, म्हणून लगेच फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजमध्ये ते चार दिवस चालतं. देताना भांडं कोमट पाण्यात धरायचं. उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं नाही. बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजा. आणि हे पाजण्याचं काम बाबा, आजोबा, आजी, कोणीही करू शकतं. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात स्तनपानासाठी दोन विश्रांती मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. ती मागा.

दुसरी, पाळी आणि पुन्हा दिवस जाणं. बाळ फक्त आईच्या दुधावर आहे, पाळी अजून आलेली नाही आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, या तिन्ही अटी पूर्ण असतील तर गर्भधारणेपासून बऱ्यापैकी नैसर्गिक संरक्षण मिळतं. सहावा महिना संपला, वरचं अन्न सुरू झालं, दिवसभर अंगावर पाजणं थांबलं, की ते संरक्षण गेलं. नेमक्या त्याच दिवशी तुम्ही कामावर रुजू होता. ‘पाळी आली नाही म्हणून काही केलं नाही’ असं म्हणत तीन महिन्यांची गर्भवती होऊन आलेल्या अनेकजणी मी पाहते. तांबी, दर तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन किंवा ‘छाया’ गोळ्या ही साधनं अंगावर पाजतानाही चालतात आणि सरकारी केंद्रात मोफत मिळतात. दोन बाळंतपणांत शरीराला सावरायला वेळ हवा. बाळ निदान दोन वर्षांचं झाल्यावरच पुढच्या गर्भारपणाचा विचार करावा.

तिसरी, रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय आढळला. बाळंतपणात आणखी रक्त जातं. प्रसूतीनंतरही सहा महिने लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतात, पण बाळाच्या बाळगुटीची चर्चा घरभर होते आणि आईची गोळी कपाटातच राहते. हिमोग्लोबिन आठ असलेल्या बाईला जिना चढताना धाप लागते, कामात लक्ष लागत नाही, चिडचिड होते. तिला वाटतं, ‘मला जमत नाहीये.’ जमत नसतं ते रक्ताला.

चौथी, थायरॉइड. प्रसूतीनंतरच्या वर्षात काही बायकांच्या थायरॉइडला सूज येते. आधी धडधड, मग थकवा, वजनात बदल, केस गळणं. हे सगळं ‘बाळंतपणाचं असतंच’ म्हणून सोडून दिलं जातं. साध्या रक्ततपासणीत ते कळतं.

पाचवी, मन. पहिल्या आठवड्यात रडू येणं, हळवं होणं हे बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं तर तो आजार असू शकतो. भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा प्रसूतीनंतरचं नैराश्य साधारण पाचातल्या एकीला असल्याचं दिसलं. बाळ झोपलं तरी झोप न लागणं, कशातच रस नसणं, ‘मी वाईट आई आहे’ असं सतत वाटणं, बाळाला किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येणं, ही लक्षणं आहेत. यावर उपचार आहेत आणि त्यातली बरीच औषधं अंगावर पाजताना चालतात. सरकारच्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. स्वतःला इजा करण्याचे विचार असतील तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे या, आणि एकट्या येऊ नका.

सहावी, झोप. रात्री तीनदा उठणारी बाई सकाळी नऊच्या मीटिंगला बसते. रात्रीचं एक पाजणं बाबांनी काढलेल्या दुधावर निभावलं, तर तिला सलग पाच तास मिळतात. माझ्या मते कोणत्याही टॉनिकपेक्षा हे टॉनिक चांगलं आहे, आणि फुकट आहे.

म्हणून माझं म्हणणं असं, की रक्त कमी, झोप कमी आणि मन उदास असताना नोकरीचा राजीनामा लिहू नका. रजा वाढवून मिळते का बघा, बिनपगारी मिळाली तरी घ्या. तपासण्या करा. झोप घ्या. तीन-चार महिन्यांनी, अंगात बळ आल्यावर, शांतपणे ठरवा. तेव्हाही नोकरी सोडावीशी वाटली तर जरूर सोडा. तो तुमचा निर्णय असेल. आज घेतलात, तर तो तुमच्या थकव्याचा असेल.

‘आधी करिअर, मग मूल’ चालेल का?

याचं उत्तर गोड करून सांगता येत नाही. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयात साठ-सत्तर लाख स्त्रीबीजं असतात. जन्मताना दहा ते वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख. नवीन तयार होत नाहीत. बत्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता हळूहळू उतरते, सदतिशीनंतर भरभर. गर्भपाताचा आणि गुणसूत्रांतल्या दोषांचा धोका वाढतो. डाउन सिंड्रोमचं बाळ होण्याची शक्यता पंचविशीत साधारण साडेबाराशेत एक असते, पस्तिशीत साडेतीनशेत एक आणि चाळिशीत शंभरात एक.

स्त्रीबीजं गोठवून ठेवता येतात. दहा-बारा दिवस इंजेक्शनं, मग भूल देऊन बीजं काढणं. पस्तिशीच्या आत केलं तर उपयोग जास्त. पण ती विम्याची पॉलिसी नाही. गोठवलेल्या प्रत्येक बीजातून मूल होत नाही. करायचंच असेल तर कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या केंद्रातच करा आणि तुमच्या वयात यशाची शक्यता किती, हे आधी स्पष्ट विचारा.

ही सगळी माहिती मुलींना असायलाच हवी, तशी मुलांनाही. पुरुषाचं वय वाढतं तसा शुक्रजंतूंचा दर्जाही उतरतो, फक्त जरा सावकाश. पण ही माहिती वापरून अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला घाबरवणं मला पटत नाही. ‘प्रमोशन थांबेल, अंडाशय थांबणार नाही’ असं तिला सुनावणारे लोक प्रमोशन का थांबतं, हे कधी विचारत नाहीत. अठ्ठाविसाव्या वर्षी मूल झालेल्या पुरुषाचं प्रमोशन थांबत नाही. उलट, ‘आता जबाबदार झाला’ म्हणतात.

बाळावर परिणाम होतो का?

हा प्रश्न आईच्या काळजाला सर्वांत जास्त लागतो. अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून अधिक मुलांचा जन्मापासून पुढे अनेक वर्षं अभ्यास झाला. पूर्णवेळ आईनेच सांभाळलेली मुलं आणि इतरांनीही सांभाळलेली मुलं यांच्या विकासात सरसकट फरक आढळला नाही. फरक पडला तो सांभाळण्याच्या दर्जाने, आणि त्याहून जास्त घरातल्या वातावरणाने. बाळाशी बोललं जातं का, त्याच्या हाकेला कोणी ओ देतं का, घरात शांतता आहे का, या गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या.

म्हणजे पाळणाघर निवडताना भिंतीवरच्या चित्रांपेक्षा किती मुलांमागे किती बायका आहेत ते मोजा. मावशी मुलांशी बोलतात का, की टीव्ही लावून ठेवतात, ते बघा. वेळ न कळवता एकदा जाऊन या. आणि आजीवर सोपवत असाल तर आजीचे गुडघे आणि रक्तदाबही विचारात घ्या. एका बाईचा भार दुसऱ्या थकलेल्या बाईवर टाकणं, हा वाटा करणं नव्हे.

हे घरातच सुटणार नाही

ज्या संस्थेत पन्नास किंवा अधिक कर्मचारी आहेत तिथे पाळणाघराची सोय असावी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं, अशी तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने आणली. प्रत्यक्षात किती ठिकाणी आहे, ते तुमच्याच ऑफिसात बघा. शिवाय कर्मचारी राज्य विमा योजनेतल्या बायका सोडल्या, तर २६ आठवड्यांचा पगार पूर्णपणे मालकाने द्यायचा आहे. मग लहान व्यावसायिक मुलाखतीतच हळूच विचारतो, ‘लग्नाचा विचार आहे का?’

ही अडचण नवीन नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणी आणि कारखान्यांतल्या बायकांसाठी प्रसूती लाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात देशातला असा पहिला कायदा झाला. भार कोणी उचलायचा, हा प्रश्न मात्र आजही तसाच आहे.

दुसरी अडचण अशी, की आपला कायदाही मूल आईच्याच नावावर लिहितो. केंद्र सरकारच्या नोकरीत आईला ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा आहे. बापाला पितृत्व रजा १५ दिवस, आणि बालसंगोपन रजा फक्त तो एकटा पालक असेल तर. खाजगी नोकरीत बापाला रजा देण्याचं कायद्याने बंधन नाही. स्वीडनमध्ये आई-बाप मिळून ४८० दिवसांची रजा आहे, आणि त्यातले ९० दिवस प्रत्येकासाठी राखीव. बापाने घेतले नाहीत तर ते वाया जातात. म्हणून बाप घेतात. बापही रजेवर जाणार हे ठाऊक असलं, की मालकाला बाईला टाळून फारसा फायदा उरत नाही.

आणि ज्यांच्या कामाला कोणी करिअर म्हणत नाही, त्यांचं काय? तुम्ही ऑफिसला जाता तेव्हा तुमचं बाळ सांभाळणारी बाई स्वतःचं मूल कोणाकडे ठेवून येते, हे तिला एकदा विचारा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. पाळीत एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात, म्हणून तरुण वयात पिशवीच काढून टाकायची. कामासाठी शरीराने मोजलेली याहून मोठी किंमत मला ठाऊक नाही.

मग करायचं काय?

बायकांना: रुजू होण्याआधी हिमोग्लोबिन आणि, लक्षणं असतील तर, थायरॉइड तपासा. गर्भनिरोधकाचं सहाव्या महिन्याआधीच ठरवा. ऑफिसचं स्वच्छतागृह घाण असतं म्हणून पाणी पिणं बंद करू नका, लघवीला जंतुसंसर्ग होतो. खोकताना लघवीचे थेंब येत असतील तर लाजू नका, कटीतळाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत.

बाबांना: ‘काय करू सांग’ असं विचारू नका. दोन-तीन कामं पूर्णपणे स्वतःच्या नावावर घ्या, लक्षात ठेवण्यासकट. लसीकरण हे सुरुवातीला उत्तम. कार्ड तुमच्याकडे, तारीख तुमच्याकडे, रात्रीचा ताप तुमच्याकडे. तुमच्या आईने ‘माझ्या पोराला कामाला लावलं’ म्हटलं तर उत्तर तुम्ही द्या, बायकोला द्यायला लावू नका.

सासूबाईंना आणि आईलाही: तुम्ही सगळं एकटीने निभावलंत हे खरं आहे. पण त्याची किंमत तुमच्या कंबरेने, झोपेने आणि सोडून दिलेल्या गोष्टींनी मोजली. ती पुढच्या पिढीनेही मोजायला हवी असं नाही.

मालकांना: एक स्वच्छ, कडी लागणारी खोली, एक फ्रीज आणि संध्याकाळी सहानंतर मीटिंग न ठेवण्याची सवय, एवढ्याने सुरुवात होते. शिकवून तयार केलेली बाई गमावण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

‘तारेवरची कसरत’ म्हणून बायकांचं कौतुक करायची आपल्याला सवय आहे. दर महिलादिनी टाळ्या पडतात. मी मात्र तारेवरून पडलेल्या बायका तपासते. त्यामुळे पुढच्या वेळी तुमच्यापैकी कोणी “नोकरी सोडू का?” विचारायला येणार असाल, तर एकट्या येऊ नका. बाळाच्या बाबांना घेऊन या. प्रश्न दोघांचा आहे, उत्तर दोघांसमोर देईन.